दोरा संपेपर्यंत

तारीख ६, मंगळवार, दुपार

चि. बाबी हिला आईचा आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे जागच्या जागी आहेत, त्यांचं दुखणंही जागच्या जागी आहे. तुझी लेक खाते, झोपते, अभ्यास करते आणि उरलेल्या वेळात मला शहाणी करते. हे पत्र माझ्या हातचं आहे, तिने एक अक्षर लिहून दिलेलं नाही. तिसरीपर्यंतची शाळा माझी, ती कुठवर पुरणार? जोडाक्षर आलं की पेन अडतं. चुकलं असेल तिथे लाल गोल कर आणि परत पाठव.

फोनवर आपण बोलतोच. बरी आहेस ना, बरी आहे, ठेवते. वीस वर्षं झाली, एवढंच. मागच्या महिन्यात लेकीला परीक्षेसाठी माझ्याकडे सोडायला आलीस, तेव्हाही फाटकापाशीच थांबलीस. रिक्षा उभी आहे म्हणालीस. अठरा तारखेच्या रविवारी तिला न्यायला येशील तेव्हाही रिक्षा उभीच असेल. म्हणून त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं.

घंटा वाजली. बाकीचं उद्या.

बुधवार

घंटा कसली ते लिहायचं राहिलं. तुझी लेक आली तेव्हा दर चार मिनिटांनी उठायची. पाणी, पंखा, केस, मोबाइल. पुस्तक उघडं आणि डोळे खिडकीबाहेर. मी म्हटलं, अभ्यास करतेस की खुर्ची तापवतेस? दुसऱ्या दिवशी तिने माझं अंडी उकडायचं चावीचं घड्याळ उचललं आणि टेबलावर ठेवलं. दहा मिनिटांची चावी द्यायची, मोबाइल पिठाच्या डब्यात टाकायचा, घंटा होईपर्यंत उठायचं नाही. मग पाच मिनिटं सुटी.

"डोकं काय उकडायला ठेवलंयस?" मी विचारलं.

"आजी, दहा मिनिटं कुणालाही बसता येतं. दहा मिनिटांत कुणी मरत नाही."

"दोन मिनिटांत गेलेले बघितलेत मी. तू बस."

पहिल्या दिवशी तीन चाव्या जमल्या, त्यातल्या एकीला मधेच रडली. आता दुपारभरात बारा चाव्या होतात. त्यातल्या एका सुटीत मला म्हणाली, तूही बस समोर, तुला काय शिकायचंय? माझ्या तोंडून निघून गेलं, पत्र लिहायला. तेव्हापासून टेबलाच्या एका बाजूला ती, एका बाजूला मी. चार चाव्या जोडाक्षरांच्या, एक पत्राची. मी तिला मास्तरीण म्हणते. खुश होते वेडी.

गुरुवार

आज पेन हातात धरलं आणि निम्मी चावी तशीच गेली. झोपले नव्हते. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं, घड्याळाची टिकटिक पाण्यासारखी वाहत होती आणि मी एकदम माझ्या शर्टांच्या कारखान्यात पोचले. तारेवर टांगलेले पांढरे शर्ट, ओळीच्या ओळी. पंखा फिरला की सगळ्यांच्या बाह्या हलायच्या, जणू बिनमाणसांची माणसं एकमेकांना खुणा करताहेत. त्यांच्यामधून तू येत होतीस. आधी सात वर्षांची, दप्तर घेतलेली. बाही बाजूला सारलीस तर सतरा वर्षांची. आणखी एक शर्ट ओलांडलास तर आत्ताची, कानाशी पांढरे केस. माझ्यापर्यंत काही पोचेनास. शर्ट संपतच नव्हते.

मास्तरीण म्हणाली, "आजी, पेन चालव."

चालवतेय.

तिला वाटतं ही चावी म्हणजे तिच्या पिढीने लावलेला शोध. मी तीस वर्षं काजंच केली, बाबी. एक हात लांब दोरा सुईत घ्यायचा, त्या दोऱ्यात एक काज पुरं करायचं, आणि दोरा संपेपर्यंत मान वर करायची नाही. शेजारणीने हाक मारो, मुकादमीण ओरडो, छत गळो. दोरा संपला की मान वर, दोन घोट पाणी, पुढचा दोरा. मिनिटं कुणी मोजली नव्हती, पण एका काजाला दहाच लागत असतील. हा नियम मला कुणी घालून दिला नव्हता. पहिल्या महिन्यात माझी काजं वाकडी यायची, कामावरून घालवतात की ठेवतात अशी गत होती, तेव्हा मीच स्वतःला घातला. मग वाकडं काज माझ्या हातून गेलं नाही. घरीही मी तसंच करायला लागले. तू काही विचारलंस की म्हणायचे, दोरा संपू दे. तू शहाणी, दोरा किती उरलाय ते वाकून बघायचीस आणि तेवढीच थांबायचीस.

शुक्रवार

काल सुटीत आम्ही खिडकीशी उभ्या होतो. समोरच्या गच्चीवर कुणी चादरी झटकत होतं. मास्तरीण म्हणाली, "आई सांगते, तुला तिच्यापेक्षा काज महत्त्वाचं होतं. खरं का?"

मी म्हटलं, "चावी दे."

तिने दिली. दहा मिनिटं मी 'महत्त्वाचं' हाच शब्द लिहीत बसले. त्यातलं जोडाक्षर तीन अक्षरांचं आहे.

आता लिहिते, कारण दहा मिनिटंच आहेत आणि मला उठायची परवानगी नाही.

त्या दुपारी तू कारखान्यात आलीस. हातात नर्सिंगच्या शाळेचं पत्र होतं. लांबचं गाव, तीन वर्षं. शर्ट बाजूला करत माझ्या स्टुलापाशी आलीस आणि विचारलंस, "आई, मी जाऊ का?" मी म्हटलं, दोरा संपू दे. तू उभी राहिलीस. मी मान वर केली नाही. तू परत विचारलं नाहीस. बराच वेळ उभी होतीस. मग "बरं" म्हणालीस आणि निघालीस. दुसऱ्या दिवशी गेलीस.

तुला वाटलं, ही शर्टापुढे मला विचारत नाही.

बाबी, दोरा कधीच संपला होता. तू विचारलंस तेव्हाच शेवटचा टाका पडला होता. मी रिकामी सुई चालवत होते. कापडात घालायची, ओढायची, घालायची, ओढायची. नुसती भोकं पडत होती. त्या वेळी तू वाकून बघितलं नाहीस, नाहीतर पकडली गेले असते. तुझी चप्पल शेवटच्या शर्टामागे दिसेनाशी होईपर्यंत मी ती सुई ओढली. तो शर्ट वाया गेला. मुकादमिणीला म्हटलं, डोळे दुखतात.

घंटा. पण आज मी उठत नाही. मास्तरीण बघतेय, बघू दे.

शनिवार, सकाळ

तुझ्या भल्यासाठी तोंड मिटलं, असं काल शेवटी लिहिलं होतं. रात्रभर चांगलं वाटलं. सकाळी वाचलं आणि खोडलं. भलंबिलं काही मनात नव्हतं. घाबरले होते. वर बघितलं तर तोंडातून काय निघेल याला घाबरले. ज्या सवयीने हात सरळ ठेवला, तिच्याआड जाऊन लपले, एवढंच. तुझ्या लेकीला ही सवय लागली हे बरंच झालं, परीक्षेत उपयोगी पडेल. पण तिला आज एक सांगितलं: कुणी दारात उभं असेल तर आधी घड्याळ बंद कर. ती म्हणाली, मग नियम मोडतो. म्हटलं, मोडू दे.

पाकीट चिकटवून आत्ताच टाकायला जाते. तिला देणार नाही, ती वाचेल.

त्या रविवारी रिक्षावाल्याला परत पाठवून दे. लेकीची बॅग मी खाली पाठवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. तीन मजले आहेत. दुसऱ्यावर दम लागतो, तिथे कठड्याला टेकून उभी राहा. मला भांडायचं असेल असं तुला वाटत असेल तर भांडायला ये, पण वर ये.

'जाऊ का' म्हणून विचारलं होतंस. त्याचं उत्तर माझ्याकडे राहिलंय. ते मी कागदावर लिहिणार नाही. समोर उभी राहा, मग देईन.

दार नुसतं लोटलेलं असेल.

तुझी आई