गायधनी लाँचर

८ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद हवी. नंतर श्रेय घ्यायला दहा जण येतात.

वायरकटचा कॉम्प्युटर आज पुन्हा सुरू होईना. वायरकट म्हणजे आमच्या सिन्नरच्या कारखान्यातलं तारेने पोलाद कापणारं मशीन. कुठला आकार कापायचा हे त्याला सांगणारा प्रोग्राम फक्त या सोळा वर्षांच्या डब्यावर चालतो. ऑपरेटर मुस्तकीमने डब्याच्या डाव्या अंगाला थाप मारली, मग सुरू झाला. दिनेशशेठ म्हणाले, गायधनी, हा डबा गेला की मशीन गेलं, दसऱ्यापर्यंत काही होत असेल तर बघा, नाहीतर मी वायरकट विकतो. मुस्तकीम ऐकत होता. चौदा वर्षं तो हे एकच मशीन चालवतोय. ते गेलं तर मालेगावला भावाच्या लूमवर जाईन म्हणाला, पण चेहरा पडला होता.

पुण्याहून माणूस बोलावू का, असं शेठनी विचारलं. मी म्हटलं, मग मेंटेनन्स इन्चार्ज म्हणून मी काय करतो?

९ सप्टेंबर
उपाय सापडला. व्हर्च्युअल मशीन! नव्या लॅपटॉपच्या पोटात जुना कॉम्प्युटर, तोही खरा नाही, नुसता सॉफ्टवेअरचा. थाप मारायला अंगच नाही. दोन दिवसांचं काम.

घरी बायको, उज्वला म्हणाली, पितृपक्षात नवीन काही सुरू करू नका. मी सांगितलं, सॉफ्टवेअरला पितर नसतात.

१२ सप्टेंबर
व्हर्च्युअल मशीन बसवलं. सुरू होतं. पण त्यासाठी अकरा ठिकाणी क्लिक करावं लागतं. मुस्तकीमला हे झेपणार नाही (मलाही दोनदा झेपलं नाही, पण ते घाईमुळे). म्हणून वेगळा लाँचर करणार. एकच हिरवं बटण. दाबलं की मशीन हजर. तत्त्व: लाँचर वेगळा, मशीन वेगळं. एकाचं दुसऱ्यावाचून अडता कामा नये.

नाव ठरलं: गायधनी लाँचर.

१५ सप्टेंबर
बटण दाबलं. लाँचर म्हणतो, मशीन सापडलं नाही. मशीन समोर चालू आहे! नाशिकच्या द्वारका चौकातल्या जॅममध्ये पन्नास मिनिटं गेली की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. उद्या बघू.

१७ सप्टेंबर
लाँचरला मशीन सापडलं. एकदम तीन सापडली. तिन्ही सुरू झाली. लॅपटॉप इतका तापला, की उज्वलाने विचारलं, यावर इडलीचं पीठ फुगवायला ठेवू का. बायकोने थट्टा करावी, हरकत नाही. व्हिजिटिंग कार्डं छापून आली की बघू. (के. आर. गायधनी, आयटी हेड. शंभर नग.)

१९ सप्टेंबर
आता एकच मशीन सुरू होतं. पण वायरकटला जोडलेली केबल त्याला दिसत नाही. केबल दिसत नसेल तर प्रोग्राम पाठवणार कुठून? किरकोळ अडचण.

मुस्तकीम म्हणाला, साहेब, माझ्या मेहुण्याकडे शेम असाच कॉम्प्युटर पडलाय, शाळेतून काढलेला, आणू का? मी त्याला समजावलं, जुन्याला जुनं जोडणं म्हणजे प्रगती नव्हे. तो म्हणाला, बरोबर आहे साहेब. मला आवडतो तो.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
पितृपक्ष संपला. उज्वलाचं ऐकायला हवं होतं. केबलची अडचण पितृपक्षातल्या इन्स्टॉलेशनमुळेच आहे. सगळं काढून शुभ दिवशी पुन्हा बसवलं.

केबल दिसत नाही.

२३ सप्टेंबर
बटणावर काम. हिरव्याच्या किती छटा असतात, माणसाला कल्पना नसते. द्राक्षाच्या पानाचा रंग घेतला, शेवटी नाशिक आहे. दाबलं की सनई वाजते. यात दिवस गेला, पण वाया गेला असं कोणी म्हणू नये.

२४ सप्टेंबर, दुपारी ३
एक युक्ती. लाँचर बरोबर आहे की मशीन, हे कळण्यासाठी लाँचर एकट्याने तपासला पाहिजे. म्हणून स्टोअररूमपर्यंत नेटवर्कची वायर टाकून लाँचर तात्पुरता जुन्या कॉम्प्युटरला जोडला. बटण दाबलं. सनई. लॅपटॉपवर जुन्या कॉम्प्युटरची स्क्रीन! तिथून प्रोग्राम पाठवला, वायरकट चालू!!

मुस्तकीमने टाळ्या वाजवल्या. मी डोळे पुसले. लाँचर निर्दोष आहे. हे जोडणं अर्थातच तात्पुरतं. उद्या काढणार.

२५ सप्टेंबर
काढलं नाही. चालू कामात हात घालू नये.

२६ सप्टेंबर
शेठना बटण दाखवलं. पाच वेळा दाबलं, पाचही वेळा सनई, पाचही वेळा स्क्रीन. शेठ खूश. विचारलं, मग वायरकट विकायचं नाही ना? मी म्हटलं, माझा शब्द. मुस्तकीम दुपारी डब्यातली बिर्याणी घेऊन माझ्या टेबलावर आला.

शेठ असंही म्हणाले, हेच ते व्हर्च्युअल ना? मी म्हटलं, तत्त्वतः. बटणामागे काय आहे हे वापरणाऱ्याने विचारायचं नसतं. पंख्याचं बटण दाबताना आपण वीज कुठून आली विचारतो का?

२९ सप्टेंबर
तत्त्वतः काम पूर्ण. बुधवारी खंडेनवमीला शस्त्रपूजा, म्हणजे आमच्याकडे मशीनपूजा. आरती झाली की शेठ सर्वांसमोर बटण दाबणार. मी सूचना काढून गेटवर लावली: पूजेसाठी वायरकट व नवा लॅपटॉप सोडून सर्व मशिनरी बंद करून, पुसून ठेवावी. स्टोअररूममधला जुना कॉम्प्युटर सेवानिवृत्त होत असल्याने तोही सन्मानपूर्वक बंद करून त्यास मोठा हार घालावा. सही. खाली आयटी हेड.

वाचून मलाच भरून आलं. यंत्रांबद्दल इतकी माया किती जणांना असते?

३० सप्टेंबर
झाडलोट करणाऱ्या फुलाबाई हार ओवत बसल्या होत्या. पेठ तालुक्याकडच्या, कामाला पक्क्या. विचारलं, साहेब, नव्या मशीनला हार कुठं घालू? मी समजावलं, ते आभासी आहे, त्याला अंग नाही. त्या म्हणाल्या, म्हंजी ते हाय का नाय? मी म्हटलं, आहे, पण दिसत नाही. त्या म्हणाल्या, देवाचं बी तसंच हाय, पन देवाला निदान फोटू ऱ्हातो.

अशा लोकांमध्ये राहून मी काम करतो.

मुस्तकीम मेहुण्याच्या कॉम्प्युटरचं पुन्हा काढत होता. मेहुणा तो आज एस.टी.ने मांडीवर घेऊन येतोय म्हणे. मी म्हटलं, ठेव कोपऱ्यात, आठवण म्हणून.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
११.१० आरती झाली.
११.१५ शेठनी बटण दाबलं. सनई वाजली. स्क्रीनवर: मशीन सापडलं नाही.
११.१६ पुन्हा. सनई. सापडलं नाही.
११.१७ पूजेला आलेल्या शेठच्या वहिनींनी विचारलं, आज फक्त गाणंच आहे का?

मी नेटवर्कला दोष दिला. मग पेठकडून आलेल्या पावसाला दिला. बाहेर लख्ख ऊन होतं. तेव्हा फुलाबाई पुढे आल्या. म्हणाल्या, साहेब, तुमीच कागद लावला ना, जुना बंद करा म्हून, मी सकाळीच बंद केला, लय मोठा हार घातलाय.

सगळे स्टोअररूमकडे वळले. जुना कॉम्प्युटर झेंडूत बुडालेला, वर कुंकू. शेठनी विचारलं, बटण या डब्यावर चालत होतं, तर ते व्हर्च्युअल कुठे आहे? मी सांगणार होतो. शब्द जुळवत होतो.

मुस्तकीमने फुलाबाईंना विचारून हार जरा बाजूला सरकवला, स्विच लावला, डाव्या अंगाला थाप मारली. डबा उठला. मग तो शांतपणे म्हणाला, शेठ, तसाच दुसरा मी आणून ठेवलाय, सगळे प्रोग्राम त्यात काल उतरवले, हा गेला तर तो आहे. शेठनी कोपऱ्यातला दुसरा डबा जवळ जाऊन बघितला. मग म्हणाले, झालं मग, वायरकट इथेच राहील आणि मुस्तकीमही. मला पेढा दिला, अर्धा.

संध्याकाळी. शांत डोक्याने विचार केला. दुसरा कॉम्प्युटर उजेडात आला तो माझ्या सूचनेमुळे. म्हणजे मशीन मीच वाचवलं. हे लोकांना कळायला वेळ लागेल. केबलचं उद्या नक्की. उद्या सुट्टी आहे, परवा.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
दोन्ही डबे शेजारी शेजारी, गळ्यात सुकलेले हार. वायरकट चालू. मुस्तकीम शीळ घालत होता, त्याच्याकडे बघून बरं वाटलं, खोटं का सांगू.

माझ्या लॅपटॉपवर झेंडूचं एकच फूल. फुलाबाईंना विचारलं. म्हणाल्या, त्या नाय दिसनाऱ्या मशीनला कोनीच पुजलं नाय साहेब, वाईट वाटलं.

फूल बाजूला ठेवलं. केबल तपासली. दिसत नाही. सहज बटण दाबलं, सनई वाजली.

मुस्तकीम मशीनवरून म्हणाला, साहेब, काम चालू आहे, आवाज तेवढा बंद करता का.

केला.