उलट्या होडीच्या छपरातून वारा जाऊ देण्याबाबत

दि. १८ मे १९८३

प्रति,
मा. उपअभियंता,
इमारत दुरुस्ती कार्यालय (गिरणगाव विभाग), मुंबई.

विषय : पोटमाळ्याच्या छपरावरील हवेची टोपी न पाडण्याबाबत.
संदर्भ : आमच्या दारावर चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

मी, सौ. दमयंती लहू घाडी, डिलाईल रोडवरील चाळीच्या पोटमाळ्यावर राहते व कळवते की, आमचे छप्पर इतरांसारखे नाही. ते ज्या मेस्त्रीने बांधले तो मूळचा होड्या बांधणारा होता. त्यामुळे वासे सरळ नसून होडीच्या फासळ्यांसारखे वाकलेले आहेत व वर मंगलोरी कौले आहेत. कडेला उभे राहिल्यास डोके आपटते. पाहुण्यांना आधीच सांगावे लागते.

संपापूर्वी हे छप्पर किती तापते याची आम्हास कल्पना नव्हती. यजमान व दोन्ही दीर गिरणीत, मी खानावळीत पोळ्या लाटायला, आणि सासूबाई राधाबाई दुपारभर खालच्या गॅलरीत. संप सुरू झाला आणि सगळेच घरी बसलो, तेव्हा कळले. गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंना घेरी येऊन त्या चुलीजवळच पडल्या. घरमालकांकडे गेलो असता ते म्हणाले, "मग संप मिटवा ना! कामावर गेलात की उकडायचं थांबेल." सदर उपाय आमच्या हातात नव्हता.

गणपतीनंतर यजमानांनी मंडळाच्या मखराचे थर्माकोल मागून आणले. वाकड्या वाशांत सरळ तुकडा बसेना, म्हणून पाचरी कापून कौलांना घट्ट भिडवल्या व एकही फट ठेवली नाही. मखरातील मोर, कमान व अर्धा हत्ती डोक्यावर आल्याने खोलीस दरबाराची शोभा आली, पण उकाडा हलला नाही.

यंदा होळीच्या सुमारास मांजराने आढ्यावरची दोन कौले सरकवली आणि कोंडलेली गरम हवा भसाभस वर निघून गेली. यजमान कौले बसवायला चढले, तर सासूबाई खालून ओरडल्या, "ह्यां भोक बुजवलंस, तर माकाय तेतूरच बुजव!" (म्हणजे त्यांनाही त्यातच.) मग यजमानांनी थर्माकोल कौलांपासून वीतभर खाली घेतले, वळचणीला फट ठेवली आणि आढ्यावर कौलांचीच छोटी टोपी केली. कबुतरे येऊ नयेत म्हणून कोळीवाड्यातले जुने जाळे लावले. आता खालून वारा शिरतो, कौलांखालून फिरतो आणि टोपीतून बाहेर जातो. सासूबाई दुपारी गाढ झोपतात. शेजारणी तांदूळ निवडायला वर येतात.

ही टोपी रस्त्यावरून पाहून आपले निरीक्षक साहेब 'वाढीव मजला' मोजण्यास भर दुपारी आले. त्या मजल्यात मांजरही बसत नाही, हे आम्ही दाखवले. साहेब घामाघूम होते, म्हणून सासूबाईंनी चटई टाकली. साहेब टेकले आणि झोपले. आम्ही चार वाजेपर्यंत कुजबुजत बोललो. उठून चहा घेऊन ते म्हणाले, "काकू, अशी झोप वर्षात लागली नव्हती." त्यानंतर ही नोटीस आली. तीत 'जागा हवेशीर नसून राहण्यास अयोग्य' असे लिहिले असून टोपी सोमवारपर्यंत काढण्यास सांगितले आहे.

महोदय, मला टोपीचे एवढे वाटते याचे कारण वेगळे आहे. संपात यजमान तासन् तास भिंतीकडे तोंड करून बसत. आता वडाळ्याहून, हिंदमाताहून लोक छप्पर बघायला येतात व त्यांना काम देतात. ते शिडी खांद्यावर टाकून शीळ घालत जिना उतरतात. टोपी पाडली, तर लोकांना दाखवायचे काय?

आता अडचण अशी की, काल निरीक्षक साहेब पुन्हा आले. ते स्वतः त्यांच्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर पत्र्याखाली राहतात. यजमानांना म्हणाले, "लहूभाऊ, रविवारी या, आमच्याकडे अशीच एक बसवा. बायको ऐकत नाही." यजमानांनी विचारले, "साहेब, मग आमच्या टोपीचं काय?" साहेब म्हणाले, "ते ऑफिसचं. हे घरचं."

तरी साहेबांकडे रविवारी बसवलेली टोपीही सोमवारी यजमानांनीच पाडावयाची, की आपण दुसरा माणूस पाठवणार, एवढे कृपा करून कळवावे. म्हणजे शिडी तिथेच ठेवायची की घरी आणायची, ते ठरवता येईल.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
सौ. दमयंती लहू घाडी
(सासूबाईंचा अंगठा शेजारी आहे. त्यांनी हट्टाने दिला.)