कॉम्प्युटरला झोपू द्या

बाबा,

मी आईकडे हॉस्पिटलमध्ये जातेय. तुम्हाला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही.

एवढं ऐका, कॉम्प्युटरचा भिंतीवरचा स्विच बंद करू नका. स्क्रीन काळी दिसली तरी तो नुसता झोपलेला असतो, आणि मी त्याला तिथून इंटरनेटवरून उठवू शकते. काल उठवला, तर तो आपोआप सुरू झालेला पाहून तुम्ही घाबरून वायरच उपटलीत. मग मला काही करता येईना.

आईच्या गाण्याच्या शिकवणीची सगळी रेकॉर्डिंग त्यातच आहेत. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज परत येईल की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. तिला स्वतःचा आवाज ऐकायचाय. वायरीचं सांगितलं, तर तिने पाटीवर लिहिलं, "माणूस धांदरट आहे, पण त्याला रागावू नकोस."

डबा ओट्यावर आहे. जेवूनच या. काल तुम्ही तिच्याजवळ नुसते गप्प बसून होतात. आज नेहमीसारखं भांडा. सगळे तिच्याशी कुजबुजत बोलतात, त्याला ती कंटाळलीय.

तुमची चिमणी