टोपल्यांचा करार, इंग्रजीतून

९ ऑक्टोबर १९७८
खाणीच्या कंपनीचा कागद आला. वर्षभराच्या बांबूच्या टोपल्यांसाठी आपल्या अटी लिहून पाठवा म्हणे — इंग्रजीत! पाठवतोच. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या स्टोअरवाल्यानं आमच्या टोपल्या महिनाभर उघड्यावर भिजत ठेवल्या, मग तपासल्या. "सडा माल है, ले जाव वापस!" नुकसान सोसलं विणणाऱ्या बुरडांनी. करारात होतं काय — "सब्जेक्ट टू अप्रूव्हल". मंजुरी कधी, कुठं, कोणासमोर, काही नाही. त्या तीन शब्दांत अख्खा पावसाळा मावला! यंदा शब्द मी निवडणार.

१२ ऑक्टोबर
वरठीला निर्मलाबाईंकडे गेलो. शाळेत इंग्रजी शिकवतात. म्हटलं, बाई, तुम्ही लिहा आणि मोठ्यानं वाचा. ढिलं कुठं आहे ते मी सांगतो. हसल्या. "इंग्रजी येते का भाऊ तुम्हाले?" म्हटलं, इंग्रजी नाही येत, सौदा येतो.
त्यांनी लिहिलं, माल "ॲज अर्ली ॲज पॉसिबल" तपासावा. म्हणजे? "म्हणजे लवकरात लवकर." खोडा! लवकर म्हणजे स्टोअरवाल्याचा चहा झाल्यावर. शेवटी ठरलं — तपासणी "ऑन द डे ऑफ डिलिव्हरी", जागा "ॲट द माइन गेट", आणि आमचा माणूस समोर उभा असताना. त्यानंतर टोपली भिजो की जळो, कंपनीची!
"काइंडली" सगळीकडून काढायला लावलं. बाई म्हणाल्या, "उद्धट वाटते ना जी." मग एक ठेवलं. अगदी शेवटी, जिथं त्याचं काही चालत नाही.

१४ ऑक्टोबर
टपालात टाकलं. जाऊ दे आता.

२१ ऑक्टोबर
कुंताबाई आली. बुरड मोहल्ल्यात तिचाच शब्द चालतो. "भाऊ, बांबू कवा तोडाचा? अंधारा पंधरवडा चालू होऊन गेला. उजेडात तोडला त भुंगा लागते." म्हटलं, कंपनीचं उत्तर तर येऊ दे. "अमावस थांबून राहीन का तुमच्या इंग्रजीसाठी?"
खरंच बोलली. पुढच्या अंधाऱ्या पाखाची वाट पाहिली तर माल वेळेत होत नाही. आणि गेली सहा वर्षं टोपल्या आमच्याच जातात — काळजी कायले? म्हटलं, तोडा. माझ्या बांधावरची बांबूची बेटं घ्या. माझ्या भरवशावर.

२९ ऑक्टोबर
बेटं रिकामी. मोहल्ल्यात अंगणोअंगणी बांबू, घरचे सगळे फाडायला बसलेले. यंदा एकही टोपली परत येऊ देणार नाही!

७ नोव्हेंबर
उत्तर आलं. निर्मलाबाईंनी दोनदा वाचलं. एकूणएक अटी मंजूर — तोच दिवस, तेच गेट, माणसासमोर. एका शब्दाला हात लावलेला नाही.
फक्त माल बदलला. यंदापासून टोपल्या नकोत. लोखंडी घमेली पुरवा.
बाईंनी विचारलं, "हो म्हणून लिहू का भाऊ?" म्हटलं, पेन ठेवा खाली. आधी कुंताबाईकडे जातो.