सगळ्यांनी माईक बंद ठेवा

सिस्टर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. आज लिहायला बसलेय ती चिडूनच. करोनात आम्हाला अतिदक्षतेचं काम कोणी शिकवलं माहितेय? मोबाईलने. रोज दुपारी तीनला मोठ्या शहरातले डॉक्टर पडद्यावर यायचे, मागे चकचकीत यंत्रं. आमच्याकडे त्यातलं एकच, तेही खोक्यात. आल्या आल्या पहिला हुकूम, सगळ्यांनी माईक बंद ठेवा. रेंज फक्त जिन्याच्या खिडकीत. मग काय, फोन खिडकीत ठेवायचा आणि आपण वॉर्डात पळायचं. माझ्या फोनने सगळे तास इमानेइतबारे पूर्ण केले! प्रमाणपत्र आलं, ‘उत्कृष्ट सहभाग’. डोंबलाचा सहभाग!

त्यातच सातपुड्यातली एक म्हातारी आली, तळोद्याहून जीपमध्ये घालून आणलेली. ऑक्सिजन लावूनही आकडा घसरतोय. तासात सांगितलं होतं, रुग्णाला पालथं झोपवा, नीट समजावून सांगा. अहो, समजावू कशात? ती पावरी बोलणार, मला पावरीत पाणी आणि दुखतं का, एवढंच येतं. वळवायला गेलं की ओरडते, हात झटकते. तिला वाटतंय, या पांढऱ्या किटातल्या बाया आपला जीव घ्यायला आल्यात. तिकडे त्या दिवशीचा तास चालूच होता. मी खिडकीकडे धावले, टाइप केलं: पेशंट पालथी व्हायला तयार नाही, भाषा येत नाही, काय करू? उत्तर नाही. पुन्हा टाइप केलं. तर म्हणे, प्रश्न शेवटी घेऊ. आणि शेवटी वेळ संपली. म्हातारीचा श्वास काय यांच्या शेवटासाठी थांबणार होता?

तेव्हा तुम्ही आठवलात. नवीन असताना मी एका आजोबांवर खेकसले होते, सारखा मास्क काढतात म्हणून. तुम्ही भर वॉर्डात मला खाटेवर आडवं केलंत, तसलाच मास्क माझ्या तोंडावर आवळलात. ‘ऱ्हाय आते अशीच. तुले जमस का? मंग बाबाले कसं जमी?’ मी रडले होते. घरी जाऊन तुम्हाला शिव्याही घातल्या, आता लपवून काय उपयोग. तर मी म्हातारीच्या शेजारच्या रिकाम्या खाटेवर चढले आणि किटसकट पालथी पडले, तोंड तिच्याकडे करून. चष्म्यावर वाफ, जीव नुसता घाबराघुबरा. म्हातारी बघत राहिली. मग हळूच वळली. आम्ही दोघी बराच वेळ तशाच पडून होतो, आणि आकडा चढत होता. पंधरा दिवसांनी ती आपल्या पायांनी चालत जाऊन जीपमध्ये बसली.

आता नव्या मुलींना मोबाईलवर शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. काल पालथं झोपवण्याचाच तास होता. धडगावकडची एक मुलगी मध्येच बोलली, ‘मॅडम, पेशंट ऐकतच नसेल तर?’ माझ्या अजून बऱ्याच स्लाइड राहिल्या होत्या. मी तिचा माईक बंद केला. म्हटलं, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी वेळ संपली.

तिचा नंबर माझ्याकडे आहे, सिस्टर. तिला फोन लावायचा सोडून मी तुम्हाला लिहीत बसलेय, कारण तुम्ही मला उलट काही विचारणार नाही.