सूर्यास्तानंतरची साखर

१० नोव्हेंबर, सकाळी
...हे असतानाची एक सकाळ. मी पाणी गाळत होते आणि हे गॅलरीत कुंड्या धूत होते. मग मी ज्वारी निवडली, यांच्या सदऱ्याला इस्त्री केली, मटकीला मोड आले का बघितलं. त्या सकाळी दुसरं काहीच झालं नाही. तरी तीच आठवते.

यांना जाऊन दोन वर्षं झाली. सूर्य बुडल्यावर अन्नपाणी नाही, हा यांचा नेम. हे गेल्यावर जैन मुनिमहाराजांसमोर तोच मी जन्मभराचा घेतला. यांचं म्हणून तेवढंच चालू आहे.

आज उठल्याउठल्या साखर ६४. पूर्वी दोनशेच्या खाली येत नव्हती. डायबेटिस बरा होत चालला.

१२ नोव्हेंबर
राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, ६४ चांगली नाही, रात्री साखर उतरते. इन्शुलिन घेता तर झोपताना काहीतरी खायलाच हवं. मी नेम सांगितला.
"आजी, सुई चालते आणि घास चालत नाही?"
सुई तोंडातून जात नाही, असं समजावलं. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. पटलं असावं.
कागलहून मुलाचा, जिनेशचा फोन. असंच चाललं तर फ्लॅटला कुलूप लावून तुला इकडं आणणार म्हणाला. मी म्हटलं, खाते रे रात्री. खोटं आहे, पण तात्पुरतं.

१३ नोव्हेंबर
उपाय सापडला. लायब्ररीच्या पुस्तकात भाकरी हळू पचते असं दिलंय. साडेपाचला एकाऐवजी तीन खायच्या, रात्रभर पुरतील. शिकलेल्या डॉक्टरांना हे सुचू नये?

१४ नोव्हेंबर, रात्री नऊ
साखर २९०. सुई थोडी वाढवून घेतली. प्रश्न मिटला.

१५ नोव्हेंबर
पहाटे गाऊन घामानं चिंब. उजाडायची वाट बघत बसले, उजाडल्यावर गूळ खाल्ला. नेम राहिला.
शेजारच्या अंबूबाई आल्या. "आक्का, पांढऱ्याफटक पडलाय की." पंखा बंद होता म्हटलं. एवढ्या थंडीत पंखा कुणाला सांगताय, म्हणाल्या, आणि घराची जादा किल्ली मागून नेली. बाई संशयी आहे.

१७ नोव्हेंबर
नवी व्यवस्था. उशाशी ग्लुकोज पावडर ठेवली. खायची नाही. जवळ असली की धीर येतो.

१९ नोव्हेंबर, दवाखाना
कालचं मला काही आठवत नाही. अंबूबाईंनी सांगितलं. मी पडल्याचा आवाज ऐकून त्या किल्लीनं आत आल्या. मी त्यांना ओळखलं नाही. त्यांनी ती पावडर माझ्या हिरड्यांना चोळली, मग रिक्षा बोलावली.
मी विचारलं, तेव्हा उजाडलं होतं का.
"मला काय आभाळाकडं बघायला सवड होती व्हय?" मग माझं पांघरूण सारखं करत म्हणाल्या, "न्हवतं उजाडलं."
जिनेश म्हणाला, शुद्धीत नव्हतीस, ते नेम मोडल्यात धरायचं नाही. मग नेम अजून शाबूत आहे, मी म्हटलं, घरी जाऊन पुढं चालू करते.
त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "बाबांचा नेम बाबांबरोबर गेला, आई."
यावर उत्तर शोधते आहे. उद्यापर्यंत सापडेल.

२१ नोव्हेंबर, कागल
काल फ्लॅटला कुलूप लावलं. रात्री साडेनऊला सुनेनं, रोहिणीनं, दूध-भाकरी कुस्करून पुढं ठेवली. खाल्ली.