भट्टीचे मोती

प्रिय अफसाना,

तुझ्या लेकीच्या, समरीनच्या लग्नाआधी तू डोळ्यांखालच्या निळसर पुटकुळ्या काढून घेणार, असं कळलं. घामाच्या ग्रंथींच्या त्या गाठी निरुपद्रवी असतात, उष्णतेने फुगतात, असं डॉक्टर म्हणाले होते. माझ्या नवऱ्याला, तुझ्या भावालाही, तशाच होत्या. चिक्कीच्या भट्टीपुढे तुम्ही दोघं वर्षानुवर्षं उभे राहिलात. मी कॉन्व्हेंटची, म्हणून गल्ल्यावर, पंख्याखाली.

"भाभी, आमी दोघं मोतीवाले!" तू हसायचीस. त्या 'आमी दोघं'नं मी किती जळायचे!

ते गेल्यावर उन्हाळाभर मीच पाक ढवळला. नुसता घाम आला, मोती एकही नाही.

हे पत्र पाठवायचा धीर होणार नाही. पण नको गं काढूस. त्यांच्या चेहऱ्यातलं तेवढंच आता उरलंय, आणि तेही तुझ्याकडे.

तुझी भाभी,
शहनाज